वर्दी

आमच्यात या शब्दाचे दोन अर्थ.
एक अंगावर चढवायची, खाकी, कोपरात विरलेली.
दुसरी फोनवरून येते धापा टाकत,
"आग लागली हा, बेगीन येवा!"
आणि पत्ता सांगायच्या आत फोन ठेवते.

देवगडात बंब एकच.
चढाला लागला की ड्रायव्हर इनास डिसोझा
"चल रे बाबा" म्हणतो,
थकल्या बैलाला म्हणावं तसं.
टाकीत साडेचार हजार लिटर,
नळी पूर्ण सोडली तर सात मिनिटं.
लोक विचारतात, समुद्र शेजारी असून पाणी संपतं कसं?
खाली खाडीच्या तोंडाशी इतकं निळं दिसत असतं,
आणि आम्ही वाडीवाडीत विहिरी विचारत फिरतो.

रजिस्टर मी लिहितो.
तारीख, वेळ, ठिकाण, कारण, अंदाजे नुकसान.
कारणापुढे बहुतेकदा : अज्ञात.
अज्ञात म्हणजे बिडी,
अज्ञात म्हणजे तारेवर पडलेलं माडाचं चुडत,
किंवा भावकीतला एखादा राग,
जो कुणी सही करून देत नाही.

विहिरीतून रेडा काढला,
त्याने वर येताच भिवाला ढुशी दिली.
जेटीला बांधलेली तांडेलांची होडी
चहूबाजूंनी पाणी असताना जळाली.
पारूबाईचा गोठा आम्ही पोचेस्तोवर बसला होता.
धुरातून ती आली, कडेवर कळशी.
"उशिरा इलास," म्हणाली.
मग जरा थांबून, "वायंच पाणी घेवा."
आम्ही ओंजळी धरल्या.
ते पाणी कुठल्या रकान्यात घालायचं
मला अजून कळलेलं नाही.

मग तो मार्च.
सड्यावरचं गवत वाळून करकरीत,
दुपारी दोननंतर वारा कड्यावरून वर चढणारा,
आणि पुढ्यात फोंडू घाडीची चारशे कलमं,
कैरी नुकती बाठा धरलेली.
रस्ता संपला तिथे गडगा.
इनासने बंब थांबवून आरशातून माझ्याकडे बघितलं.
मी मान हलवली नव्हती.
त्याला हललेली दिसली.
बंपर लावून त्याने गडगा पाडला.

सात मिनिटं पाणी होतं.
पुढे ऐनाचे ओले टाळ,
आम्ही चौघे, वाडीतली पोरं, नेपाळी राखणदार,
झोडपत झोडपत कातळापर्यंत.
अंधार पडला तेव्हा
एकसष्ट कलमं गेली होती.
घाडी त्यांच्याकडे बघत नव्हता.
चिरे गोळा करत होता.
"माज्या आज्यान रचललो गडगो.
कोणाक इचारून पाडलास?"

त्याचा अर्ज नगरपंचायतीत आला.
उत्तर मीच लिहिलं,
"अग्निशमनकार्यी अपरिहार्य," वगैरे.
लिहिताना हाताला धुराचा वास होता,
महिना उलटून गेला होता तरी.

ऑक्टोबरात, भर उन्हात,
स्टेशनच्या दाराला एक सायकल टेकली.
घाडी.
आम्हाला न बोलता
बंबाभोवती एक फेरी मारली,
खिशातून सुंभ काढला,
या आरशापासून त्या आरशापर्यंत ताणला
आणि गाठ मारली.
मग काही आठवल्यासारखं
गाठीपुढे वीतभर सोडून
दुसरी गाठ.
इनास चाकात हवा भरत होता.
"चाय घेतास?"
"नको."
सायकल उतारावरून गेली, ब्रेक करकरत.

परवा आम्ही सड्यावर गेलो होतो, सहजच.
गडगा उभा आहे, चिऱ्यावर चिरा,
जुना कुठला, नवा कुठला, रंगावरून ओळखू येतो.
मधे एक जागा सोडलेली,
तिला बांबूचं बेडं, कुलूप नाही.
भिवाने बेडं सरकवलं.
इनासने बंब आत घातला आणि बाहेर काढला,
दोन्ही आरसे न मिटता.
कलमांत कुणी तरी फवारणी करत होतं,
त्याने वर बघितलं, पुन्हा पंप मारू लागला.

परत येऊन लिहिलं :
रस्ता पाहणी. वेळ चार दहा.
कारण,
इथे पेन थोडं थांबलं.
नुकसान : निरंक.